बारीक टोचले म्हणून सोडू नका

बल्लारपूरचा कागद कारखाना, गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट, वडसा-देसाईगंजच्या राईस मिल. आपल्या वस्तीतील कितीतरी मुले यांपैकी कुठेतरी फोर्कलिफ्टवर किंवा माल वाहणाऱ्या छोट्या गाडीवर हेल्पर आहेत. चालविणाऱ्याला निदान लायसन्स विचारतात. हेल्परच्या हातात पाना देऊन ‘बघून बघून शीक’ एवढेच सांगतात.

मी कारकून माणूस. गाडी चालवीत नाही. पण अपघाताचे कागद भरण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. गाडी उलटली की पेपरात बातमी येते. माझ्या टेबलावरचे बरेचसे कागद मात्र उभ्या गाडीचे असत. शिफ्ट सुटता सुटता, घाईत, चालू इंजिनात हात घातलेले.

एक मुलगा विसरत नाही. वय एकोणीस-वीस. फोर्कलिफ्टच्या तेलाच्या पाइपवरून बोट फिरवून गळती शोधत होता. बोटाला सुईच्या टोकाएवढे भोक पडले, रक्तही फारसे नाही. चिंधी बांधली, घरी आईने हळद लावली, जेवून झोपला. सकाळी हात कोपरापर्यंत सुजला होता. बोट वाचले नाही.

त्या पाइपातले तेल मोठ्या दाबाखाली असते. बारीक चिरेतून निघालेली धार हातमोजा भेदून कातडीच्या आत शिरते. वरून जखम क्षुल्लक, आत मांस सडत जाते. म्हणून गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून, हाताने कधीच नाही. पाइप उघडायचा तो काटे जमिनीला टेकवून, इंजिन बंद करून आणि लिव्हर मागेपुढे हलवून दाब सोडल्यावर. तेल आत गेल्याची नुसती शंका आली तरी लगेच सर्जन गाठायचा, आणि ‘दाबाचे तेल शिरले आहे’ हे स्वतःच्या तोंडाने सांगायचे. नाहीतर पट्टी बांधून परत पाठवतील.

दुसरी गोष्ट चाकाची. काही फोर्कलिफ्टची रिम दोन भाग नटांनी जोडून केलेली असते. चाक काढण्याचे नट वेगळे, रिम जोडणारे वेगळे. टायरात हवा असताना चुकून रिमचे नट सैल केले, तर लोखंड अंगावर उडते. आधी वाल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा, मगच पाना लावा.

बाकीचे तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहितो. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, लाकडी ठोकळे लावावेत. बॅटरी चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो. तिथे बिडी नको. आपल्याकडच्या मे महिन्यात रेडिएटरचे झाकण इंजिन निवल्याशिवाय उघडू नये. आणि उन्हासाठी गळ्यात घेतलेला दुपट्टा पंख्याच्या पट्ट्याजवळ जाण्याआधी काढून ठेवावा. हा दुपट्टा काढायला सांगितले की आपली मुले हसतात.

उचलण्याच्या यंत्रांची जाणकाराकडून बारा महिन्यांतून एकदा तरी तपासणी व्हावी, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिले गेले होते. आपल्या गाडीची शेवटची तपासणी कधी झाली, हे हेल्परनेही विचारावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आया-बहिणींनो, मुलगा घरी येऊन ‘काही नाही, बारीक टोचले’ म्हणाला तर कशाने टोचले ते विचारा. तेलाच्या पाइपने म्हणाला, तर हळदीचा डबा बाजूला ठेवा आणि गाडी बोलवा. आतल्या गावातून चंद्रपूर गाठायलाच वेळ लागतो. सकाळची वाट पाहू नका.