तपासणी एकट्या बाईचीच का?

मंडळी, मोताळ्याकडे कपाशी कंबरेला लागली, फवारणी जोरात आहे. पंपाचं झाकण ढिलं असलं की औषध पाठीवरून थेट चड्डीत उतरते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, तेव्हापासून तोंडाला रुमाल तरी आला. पण जांघेची कातडी हातापेक्षा कितीतरी पट जास्त औषध शोषते, हे कोणी सांगत नाही.

१९७७ मध्ये कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे सूत्रकृमीचं औषध बनवणारे कामगार आपसात बोलले, की बरेच दिवसांत कोणाच्या घरी पाळणा हलला नाही. तपासलं, तर कित्येकांचे शुक्राणू शून्य नाहीतर फार कमी. ते औषध आपल्या पंपात नाही, मान्य. पण आपण बोलतो तरी का?

माझ्याकडे फवारणीला येणाऱ्या एकाच्या बायकोचे तीन रिपोर्ट झाले, तिन्ही चांगले. याचा एकही नाही. अन् बोल लागतो तिलाच! शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणून त्याला म्हटलं, आता तपास, अन् पंप सोडून तीन महिन्यांनी पुन्हा तपास.

यंदा दुसरं काम दिलं त्याला. माझी पोरं कॉलेजात आहेत. झाकणाचा वायसर बदलला, कंबरेला मेणकापड बांधलं, पंप मीच घेतोय.