सायकलीचा म्होरक्या सावकाश जाणारा हवा

हल्ली तालुक्याच्या गावांतूनही पहाटे सायकलवाल्यांचे घोळके दिसतात. चांगली गोष्ट आहे. पण म्होरक्या कोण, तर सगळ्यांत दमदार गडी. वाईहून निघून तो पसरणीचा घाट एका दमात चढतो आणि साखर वाढलेले मास्तर पहिल्याच वळणावर धापा टाकत उभे! पुढच्या रविवारी मास्तर येत नाहीत. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, तेच गळतात.

आमचे म्हणणे असे, की आजारपणातून उठून दम परत मिळवू पाहणारा माणूसच पुढे घालावा. डॉक्टरांची परवानगी अर्थात हवीच. अशा माणसाला चढ कळतो. बोलता बोलता पायडल मारता येईल एवढाच वेग तो धरतो. बोलणे तुटू लागले की वेग जास्त झाला समजावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला. तो रोज थोडाथोडा होतो, त्याला घाटच कशाला हवा?

मात्र दमलो तर म्होरक्याने उघड सांगावे. लाजेपोटी रेटले की गुडघे धरतात. दमदार गड्याने हवे तर पुढे जाऊन चहा सांगून ठेवावा.

आणि ऊसहंगामात उजाडल्याखेरीज निघू नये. कित्येक ट्रॉल्यांना मागे लाल पट्टी नसते. शेवटच्या सायकलीला मागे दिवा हवा, पंप नि पंक्चरचे सामानही तिच्यावरच. पुढच्याकडे दिले तर तो केव्हाच पाचगणीला पोचलेला असतो.