पावणेपाचशे तुकड्यांची साक्ष

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील चौदा वर्षांचा एक मुलगा २०१३ च्या सुमारास ताप व डोकेदुखीने चार महिन्यांत तीन वेळा रुग्णालयात दाखल झाला. त्याची रोगप्रतिकारशक्ती जन्मतःच दुर्बळ होती. पुढे मेंदूत पाणी साचले, झटके थांबेनात; औषधे देऊन त्याला बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले. मेंदूचा अंश काढून केलेली तपासणीही निष्फळ ठरली.

नेहमीच्या तपासणीत ज्या रोगाचा संशय येतो, त्याचीच चाचणी होते. अखेर मुलाच्या मेंदू-मणक्यातील द्रव कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रयोगशाळेत गेला. डॉ. चार्ल्स चिऊ यांच्या चमूने कोणताही पूर्वग्रह न धरता त्यातील डीएनएचे तुकडे वाचले. ते तीस लाखांहून अधिक भरले.

तुकडा कोणाचा, हे ठरविण्याचे गणित व्यापाऱ्यास अवघड नाही. डीएनएची लिपी चार अक्षरांची. वीस अक्षरांची ओळ घेतली, तर तिचे सुमारे १.१ लाख कोटी प्रकार संभवतात. एवढी ओळ निव्वळ योगायोगाने जुळणे दुर्मीळच. म्हणून संगणक प्रत्येक तुकडा ज्ञात जीवांच्या संग्रहाशी ताडून पाहतो. तथापि नात्यातील जीवांचा बराच मजकूर सारखा असतो; त्यामुळे एका जुळणीवर न विसंबता अनेक तुकड्यांचा एकत्रित कौल घेतला जातो. ज्या जीवाची संग्रहात नोंदच नाही, त्याचे तुकडे मात्र उचंत खात्यात पडून राहतात.

बहुतेक तुकडे अर्थातच रुग्णाचे स्वतःचे होते. परंतु ४७५ तुकडे लेप्टोस्पायरा या जिवाणूचे निघाले. साधारण साडेसहा हजारांत एक. मुंबईच्या पावसाळ्यात ज्याची धास्ती असते, तोच हा लेप्टो. नमुना मिळाल्यापासून ४८ तासांत हा हिशेब पूर्ण झाला.

आता डॉक्टरांपुढे पेच होता, कारण लेप्टोची प्रचलित चाचणी नकारात्मक होती. गणित संभाव्यता सांगते, हमी देत नाही. त्यांनी दोन्ही बाजू तोलल्या: पेनिसिलीन हे जुने, परिचित औषध, त्याची जोखीम अल्प, आणि विलंबाची किंमत प्राणांची. औषध सुरू झाले. ३२ दिवसांनी मुलगा घरी परतला. स्वतंत्र चाचण्यांनी त्या निदानास दुजोरा दिला, तो नंतर. पुराव्याची प्रत जाणून वेळेवर घेतलेला निर्णयच त्याला तारून गेला.