चोपन्न मजले आणि ११७ सेंटिमीटर

टोकियोला निघालेल्या प्रत्येक मित्राच्या यादीत रोप्पोंगी हिल्स असतंच. असायलाच हवं म्हणा! एप्रिल २००३ मध्ये उघडलेलं हे संकुल म्हणजे शहरातलं शहर. मधोमध २३८ मीटर उंच, ५४ मजली मोरी टॉवर. दुकानं, ऑफिसं, ५३व्या मजल्यावर चक्क कलासंग्रहालय, शेजारी ग्रँड हयात हॉटेल आणि चौकात लुईस बुर्ज्वाचा अवाढव्य कोळी. सुमारे ४०० जमीनमालकांची समजूत काढत हे सगळं उभं राहायला १७ वर्षं लागली.

मला मात्र या टॉवरचं नाव निघालं की आधी त्याचं दार आठवतं.

२६ मार्च २००४. आईबरोबर आलेला सहा वर्षांचा एक मुलगा पुढे पळत सुटला आणि टॉवरच्या स्वयंचलित फिरत्या दारात त्याचं डोकं अडकलं. तो वाचला नाही.

दाराला सेन्सर नव्हते? होते की! पण कोणी नसतानाही ते दार थांबवायचे. म्हणून त्यांची नजर आखडती घेतली होती. जमिनीपासून साधारण १२० सेंटिमीटरच्या खालचं त्यांना दिसत नव्हतं. मुलाची उंची होती ११७. त्यात मूळ युरोपातलं दार अॅल्युमिनियमचं, हलकं. जपानमध्ये त्यात स्टील आलं आणि वजन गेलं २.७ टनांवर. एवढं धूड 'थांब' म्हटल्याबरोबर थोडंच थांबणार?

पुढे २००५ मध्ये न्यायालयाने इमारतीच्या आणि दाराच्या कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. ते योग्यच झालं. पण खरं सांगू? ती सेटिंग बदलणारा माणूस मला परका वाटत नाही.

आमच्या एका सर्व्हरचा डिस्क भरत आल्याचा अलार्म रोज रात्री दोनला यायचा. उठून बघावं तर काही नाही. शेवटी वैतागून मीच मर्यादा ८० टक्क्यांवरून ९५ वर नेली. दोन आठवडे छान झोप लागली. तिसऱ्या आठवड्यात डिस्क खरोखर भरली आणि अर्धा दिवस सगळं बंद. मला शिव्या पडल्या, बास. आमच्या दारातून कोणी मूल जात नव्हतं, एवढाच काय तो फरक.

कोणी म्हणेल, खोट्या अलार्मने दार सारखं अडलं तर लोक चालायचे कसे? मान्य. पण मग अलार्म खोटा का वाजतो ते शोधा. ते कंटाळवाणं काम आहे, म्हणून तर आपण आकडा बदलून मोकळे होतो. माझं म्हणणं साधं आहे. मर्यादा बदलताना कारण सगळेच लिहितात, 'फार त्रास होतो'. त्याखाली आणखी एक ओळ सक्तीची करा: आता आपल्याला कोण दिसणार नाही? त्या दारापाशी कोणी ही ओळ लिहिली असती तर उत्तर एकाच शब्दाचं होतं. मुलं.

असो. टॉवर बघायला जरूर जा. अपघातानंतर ती फिरती दारं काढून टाकली. वरून टोकियो सुंदर दिसतं म्हणतात. पण आत शिरताना क्षणभर खाली बघा, कमरेच्या उंचीला.