ठोकळ्यांची आगगाडी आणि लातूरचं पाणी

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने दोन लाखांचा कॅमेरा घेऊन कपाटात ठेवला तर लोक त्याला हौशी म्हणतात. त्याच माणसाने त्याच्या दहाव्या हिश्श्यात लेगोची आगगाडी घेतली आणि फरशीवर मांडली, तर पहिला प्रश्न येतो, "पोरासाठी का?" हो म्हटलं की विषय संपतो. नाही म्हटलं की समोरचा जरा मागे सरकतो.

मग आपण कारणं द्यायला लागतो. एकाग्रता वाढते, ताण कमी होतो, मोबाईल हातातून सुटतो, मुलांना भूमिती कळते वगैरे. यातलं काही खोटं आहे असं नाही. पण ज्या माणसाला आगगाडी मांडायची असते तो ताण कमी करायला मांडत नाही. (उलट सांधा जुळला नाही की रात्री दीड वाजेपर्यंत ताण वाढतच असतो!) माझं म्हणणं सरळ आहे: या छंदाला कारण देऊ नये. मात्र तो करायचा तर नीट करावा, आणि शक्यतो आपल्या गावचा करावा. हा दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

आधी थोडी आकडेमोड. ज्यांना नको असेल त्यांनी दोन परिच्छेद खाली उतरावं.

लेगोच्या ठोकळ्यावर जी गोल बटणं असतात, त्या दोन बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर. या खेळात सगळं याच मापात मोजायचं. रुळाचा सरळ तुकडा १६ बटणांचा, म्हणजे १२.८ सेंटिमीटर. वळणाचे १६ तुकडे जोडले की पूर्ण वर्तुळ होतं आणि त्याची त्रिज्या ४० बटणं. रुळांची रुंदी धरली तर वर्तुळाचा बाहेरचा व्यास ८८ बटणं, म्हणजे ७०.४ सेंटिमीटर. दोन फुटी टेबलावर हे बसत नाही. इथेच निम्मे लोक गार पडतात, कारण त्यांनी आधी इंजिन घेतलेलं असतं, मग रूळ, आणि शेवटी टेप लावून टेबल मोजलेलं असतं. क्रम बरोबर उलटा हवा. सुताराकडची ८ बाय ४ फुटांची प्लाय म्हणजे साधारण ३०५ बाय १५२ बटणं. त्यात दुहेरी मार्ग आरामात बसतो आणि मधे एक यार्डही होतं.

चढाचं गणित तर फारच गोड आहे. पातळ ठोकळ्याची उंची ३.२ मिलिमीटर. रुळाच्या प्रत्येक सरळ तुकड्यामागे असा एकेक पातळ ठोकळा वाढवत गेलो तर चढ येतो ४० ला १. आपल्या बोरघाटातला चढ आहे ३७ ला १! म्हणजे खेळण्यातली गाडी आणि खंडाळ्याचा घाट चढणारी गाडी यांचं दुखणं जवळपास एकच. एखाद्याने घाई करून तुकड्यामागे आख्खा जाड ठोकळा वाढवला, तर चढ होतो १३ ला १ च्या आसपास. माथेरानची छोटी गाडीसुद्धा २० ला १ वर थांबते. मग इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात आणि आपण बॅटरीला दोष देतो.

तर हे सगळं कागदावर, किंवा आता संगणकावर, आधी करायचं असतं. ब्लूब्रिक नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे, त्यात रुळांचे तुकडे माऊसने एकमेकांना जोडता येतात. ठोकळ्यांसाठी एलड्रॉ आहे. ते जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ मध्ये लिहिलं. दोनच वर्षांनी तो गेला. पण त्याने ठोकळ्यांच्या वर्णनासाठी जी फाईलची रचना ठरवली तीच लोक आजही वापरतात. साधी, कुठल्याही एडिटरमध्ये उघडणारी मजकुराची फाईल. आमच्या धंद्यात याहून मोठं स्मारक नसतं.

आमच्या धंद्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 'हॅक' हा शब्द आज ज्या अर्थाने आपण वापरतो, तो अमेरिकेतल्या एमआयटीच्या टेक मॉडेल रेलरोड क्लबमधून आला. १९४६ च्या सुमाराचा क्लब. त्यात दोन तट होते. एक टेबलाच्या वरचे, म्हणजे डबे रंगवणारे, झाडं लावणारे. दुसरे टेबलाच्या खालचे, म्हणजे रिले आणि तारांच्या जंजाळात पाठीवर पडलेले. पुढे संगणक आल्यावर हे खालचे लोक त्यावर तुटून पडले. तेव्हा सॉफ्टवेअरवाल्याने खेळण्यातल्या रेल्वेबद्दल लाजायचं म्हणजे आजोळचं नाव सांगायला लाजण्यासारखं आहे.

मी स्वभावाने टेबलाखालचा. १९९१ ते २००६ पर्यंत लेगोच्या गाड्या ९ व्होल्टच्या होत्या, वीज धातूच्या रुळांतून यायची. त्या काळात एक प्रश्न होता तो मला अजून आवडतो. गाडी पुढे गेली, वळसा घेऊन त्याच रुळावर उलट्या तोंडाने परत आली, की डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्टसर्किट होतं. म्हणजे नकाशा काढतानाच, कुठून निघालो तर कुठल्या तोंडाने परत येतो, हे सगळ्या वाटांसाठी तपासावं लागायचं. शुद्ध ग्राफ थिअरी. नंतर बॅटरी गाडीतच आली, रूळ नुसते प्लास्टिकचे झाले आणि हा प्रश्न नाहीसा झाला. सोय झाली हे मान्य. मजा एक आण्याने कमी झाली.

असो. आता गावाकडे येतो.

मी मूळचा जळकोटचा, लातूर जिल्ह्यातल्या. जळकोटला रेल्वे नाही. स्टेशन पाहायचं तर उदगीरला जायचं. आमच्या लहानपणी आगगाडी ही गोष्ट उदगीरला लग्नाला गेलं तर दिसायची, आणि वऱ्हाडातली निम्मी पोरं मांडव सोडून फलाटावर असायची. त्यामुळे पुण्यात नोकरी लागल्यावर कोथरूडमधलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलं तेव्हा मी तिथे दोन खेळ बसलो. भाऊ जोशींनी उभं केलेलं, १९९८ साली उघडलेलं. १ ला ८७ या मापाचं आख्खं शहर, त्यात गाड्या, सिग्नल, रात्र झाली की दिवे. ते पाहिल्यावर कुणालाही कळेल की आपल्याकडे हे करणारा माणूस होऊन गेलाय आणि त्याने कारणं देत वेळ घालवला नाही.

पण ठोकळ्यांच्या बाबतीत आपल्याकडे जे चालतं ते मला पटत नाही. लोक खोक्यावरच्या चित्राबरहुकूम गाडी बनवतात. मग बाजूला लाल उतरत्या छपरांचं युरोपातलं गाव, डिसेंबरात पांढरं बर्फ. बीड-लातूरच्या पोराने आयुष्यात बर्फ बघितलं ते रसवंतीवर, पोत्यात गुंडाळलेलं! त्याहून वाईट म्हणजे खोकंच न उघडणारे. 'चार वर्षांनी भाव दुप्पट होतो' म्हणून सीलबंद खोकी माळ्यावर. ती माणसं शेअर बाजारात आहेत, फक्त त्यांचे शेअर धूळ खातात.

आपली गाडी बनवायची म्हटलं की खरे प्रश्न सुरू होतात. लेगोच्या दोन रुळांमधलं अंतर सुमारे साडेसदतीस मिलिमीटर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. म्हणजे माप आलं जवळपास १ ला ४५. या मापात प्रवासी डबा केला तर रुंदी ९ बटणं आणि लांबी ५९ बटणं होते. खोक्यातल्या गाडीचा डबा असतो ६ बटणं रुंद. ५९ बटणं लांब डबा ४० बटणांच्या वळणावर नेला की मधला भाग आत घुसतो, कोपरे बाहेर येतात, आणि शेजारच्या मार्गावरची गाडी झोडपली जाते. म्हणून लांबी छाटायची. किती छाटायची म्हणजे डबा आपलाच वाटेल, याला सूत्र नाही. मी ३४ वर थांबलो. खिडक्यांना आडव्या सळ्या दिल्या की डबा आपला होतो, मग लांबी कुणी मोजत नाही.

बार्शी लाईट रेल्वे करायची म्हटली तर अजून गंमत. अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा मार्ग. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने काढलेली. बार्शीपर्यंत १८९७ मध्ये आली, लातूरला १९११ मध्ये. कॅलथ्रॉपने सुरुवातीलाच ठरवलं की कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नको, मग हलके स्वस्त रूळ चालतील. आणि गाडी हिंदुस्थानात पाठवण्याआधी लीड्सजवळ चाचणीचा मार्ग टाकून सगळं चालवून पाहिलं. एक अट आधी घट्ट धरायची आणि बाकी सगळं तिच्याभोवती बसवायचं, शिवाय थेट गिऱ्हाइकाकडे न सोडता वेगळ्या जागी चाचणी. आमच्या कंपन्यांत हे अजून शिकवावं लागतं.

हीच बार्शी लाईनची वाट २००० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने रुंद झाली. लातूर-कुर्डुवाडी २००७-०८ च्या सुमारास, मग पुढे पंढरपूर ते मिरज. त्यावेळी छोटी गाडी गेली म्हणून हळहळणारे बरेच होते, मीही होतो. आणि मग २०१६ उजाडलं.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: त्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ आणि विहिरींजवळ गर्दी करायला जमावबंदी लावली होती, १४४ कलम. हंडे-घागरींसाठी १४४. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. तेल वाहणाऱ्या टाकीच्या वाघिणी राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुतलेल्या, पहिल्या खेपेला १०. बारा एप्रिलला पहाटे ती लातूरला पोचली, सुमारे ५ लाख लिटर घेऊन. पुढे ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी यायला लागली. सुमारे ३४० किलोमीटर, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीवरून. तो मार्ग अडीच फुटीच राहिला असता तर त्या वाघिणी कुर्डुवाडीच्या पुढे एक इंच सरकल्या नसत्या.

मी ही गाडी मांडायला घेतली आहे.

यावर दोन्हीकडून बोलणी खातो. पुण्यातला एक मित्र म्हणाला, दुष्काळाचं खेळणं करतोस, बरं दिसत नाही. गावाकडे काकांनी ठोकळ्यांची पोती बघून विचारलं, "ह्ये काय करायलास?" सांगितलं. किंमतही सांगितली, कारण त्यांनी विचारली. "एवढ्यात सोयाबीनच्या चार बॅगा आल्या असत्या की रं."

काकांचं बरोबर आहे. आल्या असत्या. २०२० च्या अर्थसंकल्पात परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०, तेव्हा कदाचित पाचवीही आली असती. या हिशोबाला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी देतही नाही. पण मित्राचं मला पटत नाही. युरोपातलं न पाहिलेलं बर्फ मांडलं तर ते खेळणं, आणि ज्या गाडीची आमच्या जिल्ह्याने वाट पाहिली ती मांडली की ते वाईट, असं कसं? मुलं भातुकलीत रॉकेलची रांगसुद्धा खेळायची. खेळात दुःखाला बंदी आहे हे मोठ्यांनी ठरवलेलं.

काकांनी पुढे जे विचारलं ते मात्र आराखड्यात नव्हतं. "पाणी उतरतंय कुठं?" मी गाडी, फलाट, सिग्नल सगळं काढलं होतं. त्यांना गाडीत रस नव्हता, नळ्यांत होता. २०१६ च्या उन्हाळ्यात त्यांनी टँकरची वाट पाहत रात्री काढल्यात. आता यार्डाच्या बाजूने १६ बटणांची एक पट्टी त्यासाठी काढून ठेवली आहे.

पूर्ण ५० वाघिणी १ ला ४५ मापात केल्या तर गाडी जवळजवळ १४ मीटर होते. माझी खोली साडेतीन मीटरची. त्यामुळे वाघीण १६ बटणांवर छाटून १० करतो आहे, पहिल्या दिवशीइतक्याच. आराखड्याचे तुकडेही गाडीच्या डिकीत मावतील असे पाडलेत, कारण मांडणार दिवाळीत, जळकोटला, माडीवरच्या खोलीत. प्रत्येक तुकड्याच्या कडेला रूळ ठरलेल्या बटणावरच बाहेर पडतो, म्हणजे कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला लागतो. १९५८ साली पेटंट मागितलेला ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो, तेवढी शिस्त आपणही पाळायला काय हरकत आहे?

सध्या अडलंय ते टाकीच्या गोलाईवर. ६ बटणं रुंदीचा गोल केला तर टाकी बारीक दिसते, ८ चा केला तर वळणावर फलाटाला घासते. फलाट एक बटण मागे घेऊन पाहणार आहे. पुढच्या शनिवारी.