आकडा लहान गावाचा

जागा बघायला निघालेला गृहस्थ पाण्याच्या आधी एकच विचारतो, "वस्ती कशी आहे हो?" भिवंडीला खेटून असलेल्या शेलारचे नाव काढा, की नातेवाईक हटकून १९७० आणि १९८४ च्या दंगली आठवतात. हल्ली जोडीला गुन्ह्यांचे तक्तेही येतात.

तक्ते जरूर वाचावेत. पण लहान गावाचा आकडा मोठा लबाड! २०२२ साली देशात दर लाख लोकांमागे दोनच्या आसपास खून नोंदले गेले. आता दहा हजार वस्तीच्या गावात वर्षात एकच खून झाला, तरी हिशेबाने दर लाखाला दहा! पुढल्या वर्षी कदाचित शून्य. अमेरिकेतल्या लहान गावांचीही हीच गत. शिवाय लोक फिर्याद द्यायला चौकीची पायरीच चढत नसतील, तर आकडा खाली आणि चोर निर्धास्त.

भिवंडीचीच गोष्ट घ्या. १९८४ ची जखम ताजी असताना, १९८८ साली पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे तिथे आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांची माणसे आणि त्या भागातला पोलीस नियमाने एकत्र बसू लागले. किरकोळ तंटे तिथेच मिटू लागले. (साहेबांनी नुसती बंदोबस्ताची कुमक मागवली असती, तरी कोणी नाव ठेवले नसते!) १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा यंत्रमागांचे हे शेजारचे गाव शांत राहिले.

तेव्हा शेलारला गेलात, तर चहाच्या टपरीवर एवढेच विचारा : इथल्या हवालदाराचे नाव काय? किती जण चटकन सांगतात, ते मोजा.