अधिष्ठात्याचे दफ्तर कोणाचे?

हार्वर्ड विद्यापीठाच्या बिझिनेस स्कूलचे अधिष्ठाते डॉ. श्रीकांत दातार यांच्या हाती मार्च २०२३ मध्ये एक चौकशी-अहवाल आला. त्याच संस्थेतील एका नामांकित प्राध्यापिकेच्या संशोधनातील आकड्यांत फेरफार झाला आहे काय, याची ती चौकशी होती आणि जोडपत्रे धरून अहवालाची पाने तेराशेच्या घरात होती. जूनमध्ये प्राध्यापिकेस सक्तीच्या रजेवर धाडण्यात आले. आरोप साफ नाकारून त्यांनी ऑगस्टमध्ये विद्यापीठाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, आणि मार्च २०२४ मध्ये न्यायाधीशांच्या आज्ञेने हा मोहोरबंद अहवाल जगापुढे खुला झाला. मे २०२५ मध्ये विद्यापीठाने त्यांचे कायमपद काढून घेतले.

या वादात न्यायाधीश होण्याची हौस आम्हांस नाही. आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. जो कागद विद्यापीठाच्या रिवाजाप्रमाणे अर्धशतक कुलपात पडून राहावयाचा, तो एका वर्षात उजेडात आला. आणि आला म्हणूनच संस्थेने काय तपासले, कसे तपासले आणि कोणत्या आधारावर निर्णय घेतला, हे पारखणे तिऱ्हाइताला शक्य झाले. डॉ. दातार हे मुंबई विद्यापीठाचे १९७३ सालचे पदवीधर. त्यांच्या दफ्तराविषयी मुंबईकराने चार शब्द लिहिले तर ती लुडबूड ठरू नये. पण प्रश्न एका व्यक्तीचा वा एका संस्थेचा नाही. अधिष्ठात्याचे दफ्तर हे असते कोणाचे?

दफ्तर म्हणजे रुक्ष कागदांची चळत, असा सामान्य समज आहे. वस्तुतः अधिष्ठात्याच्या कपाटात असते काय, ते पाहावे. कोणाची नेमणूक झाली व कोणाची नाकारली गेली, कोणत्या देणगीदाराने पैशाबरोबर कोणती अट पाठविली, प्रवेशाची कसोटी कोणत्या बैठकीत बदलली, शुल्क वाढविताना कोणी विरोध नोंदविला, विद्यार्थ्याची तक्रार आली तेव्हा तिच्यावर कोणता शेरा मारला गेला, हे सर्व तेथे असते. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात यातील एकही ओळ येत नसते. व्यवसाय-शिक्षणाच्या संस्थांत तर हे अधिकच महत्त्वाचे. कारण धनिकांच्या आणि विद्येच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात, तेथे कोणी कोणाला वाकविले याची साक्ष कागदावाचून अन्य कोणी देऊ शकत नाही.

याच हार्वर्डचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९०८ साली स्थापन झालेल्या या शाळेचे दुसरे अधिष्ठाते वॉलेस डोनहॅम हे १९१९ पासून १९४२ पर्यंत त्या पदावर होते. कायद्याचे पदवीधर आणि पेशाने बँकेचे अधिकारी असलेल्या या गृहस्थांनी प्रत्यक्ष प्रकरणे पुढे ठेवून शिकविण्याची पद्धत तेथे रुजविली; १९२६ साली एल्टन मेयो यांना आणविले आणि त्यांच्या संशोधनाला रॉकफेलर यांच्या धर्मादाय निधीचा पैसा लाभला. पुढे शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील प्रयोगांशी मेयो यांचे नाव कायमचे जोडले गेले. कामगाराकडे नुसते लक्ष दिले तरी त्याचे काम वाढते, असा बोध त्यांतून काढण्यात आला आणि तो मुंबईपासून टोकियोपर्यंत व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात वेदवाक्याप्रमाणे सांगितला गेला.

तो खरा होता काय? हा प्रश्न विचारता आला, याचे कारण कागद जिवंत राहिले. कारखान्यातील प्रयोगांची कागदपत्रे आणि डोनहॅम यांचे कार्यालयीन दफ्तर ही दोन्ही हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात यादीनिशी जतन झाली. रिचर्ड गिलेस्पी यांनी असली मूळ साधने धुंडाळून १९९१ साली या प्रयोगांचा इतिहास लिहिला. चाचणीसाठी निवडलेल्या पाच कामगार मुलींपैकी दोघींना, त्या फार बोलतात व सहकार्य करीत नाहीत म्हणून, जानेवारी १९२८ मध्ये बदलण्यात आले होते. अशा घटनांचा अर्थ नव्याने लावणे त्यामुळे शक्य झाले. दिव्यांच्या प्रकाशावरील आरंभीच्या प्रयोगांचे आकडे तर नष्ट झाले असेच मानले जात होते. ते मिलवॉकी येथील विद्यापीठात आणि बेकर ग्रंथालयात सापडले, आणि लेव्हिट व लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवून दिले की, पाठ्यपुस्तकांतून रंगविलेले ते नाट्यमय चढउतार मूळ आकड्यांत मुळी नाहीतच. ज्या संस्थेने आख्यायिका वाढविली, तिच्याच कपाटात तिचे खंडन जपून ठेवलेले होते! कागद जपणाऱ्याला त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

मात्र हार्वर्डची आरती ओवाळण्याचा आमचा इरादा नाही. विद्यापीठाचे प्रशासकीय कागद पन्नास वर्षे आणि व्यक्तींविषयीचे ऐंशी वर्षे बंद, असा तेथील नियम आहे. म्हणजे डॉ. दातार यांनी २०२१ साली पद हाती घेतले तेव्हाची टिपणे २०७१ पर्यंत कोणाला दिसावयाची नाहीत. ज्यांच्यावर अन्याय झाला असेल ते तोवर हयात तरी असतील काय? न्यायालयाचा दरवाजा ठोठावण्याइतका पैसा प्रत्येकाच्या गाठी नसतो.

याउलट, सत्ताधाऱ्यांना हे कागद हवे असतात ते आजच्या आज. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने हार्वर्डकडे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी मागितल्या. निदर्शनांत भाग घेणाऱ्यांची माहितीही त्यांत हवी होती. उत्तर अपुरे ठरवून २२ मे रोजी परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचा विद्यापीठाचा अधिकारच खात्याने काढून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने त्या हुकुमास स्थगिती दिली. आपल्याकडची कितीतरी मुले त्या चोवीस तासांत जीव मुठीत धरून बसली असतील. संशोधकासाठी जपलेला कागद आणि सरकारने धाकदपटशाने मागितलेला कागद एकाच कपाटातला असतो. म्हणूनच तो कोणाला, केव्हा, कोणत्या नियमाने दाखवावयाचा, हे आधी ठरलेले असावे लागते.

आता आपल्या घराकडे वळू. पेशवे दफ्तरासाठी जीव टाकणाऱ्या, सरदेसायांच्या संपादनाखाली त्यातील वेच्यांचे पंचेचाळीस खंड पाहिलेल्या महाराष्ट्राला दफ्तराची महती सांगावयास नको. अठराव्या शतकातील मोडी चिठोऱ्यासाठी आम्ही भांडतो. पण १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने मुंबई विद्यापीठात जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था निघाली तेव्हा कोणती बोलणी झाली, हे आज किती जण मूळ कागदांवरून सांगू शकतील? १९६३ साली पवईस निघालेली ‘निटी’ २०२३ मध्ये मुंबईची आयआयएम झाली. पाटी बदलते तेव्हा जुन्या नावाच्या संचिका अडगळीत जाण्याचा धोका सर्वांत मोठा असतो, हे कोणत्याही कारकुनास विचारावे.

कायद्याची वाण आपल्याकडे नाही. केंद्राचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा १९९३ चा, राज्याचा २००५ चा. माहिती अधिकाराचा कायदाही २००५ चा. त्याच्या चौथ्या कलमाने अभिलेखांची सूची ठेवणे हे कर्तव्य ठरविले आहे, आणि वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती काही मोजके अपवाद वगळता द्यावीच, असे आठवे कलम सांगते. हार्वर्डच्या पन्नास वर्षांपुढे हा नियम कितीतरी उदार! पण यादीच नसेल तर वीस वर्षांनी मागावयाचे काय? ‘संबंधित संचिका आढळून येत नाही’ हे एका ओळीचे उत्तर ज्यांनी हातात घेतले आहे, त्यांना या उदारतेची किंमत पुरती ठाऊक आहे.

२०१६ च्या विद्यापीठ कायद्याने हा प्रश्न अधिक निकडीचा केला आहे. पूर्वी निवडून येणारा अधिष्ठाता आता नेमलेला पूर्णवेळ अधिकारी झाला. चार विद्याशाखांपैकी एक केवळ वाणिज्य व व्यवस्थापनाची. आणि अधिष्ठात्याची मुदत कुलगुरूंच्या मुदतीशी बांधलेली. म्हणजे कुलगुरू गेले की चारही खुर्च्या एकदम रिकाम्या होतात. त्या दिवशी कपाटांच्या किल्ल्या कोणाकडे जातात? आणि हल्ली निम्मा कारभार ज्या ई-मेलवर चालतो, ते टपाल कोणाच्या नावे असते? खाजगी खात्यावरून केलेला पत्रव्यवहार अधिकाऱ्याबरोबरच घरी जातो, ही आजची सर्वांत मोठी गळती आहे.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक विद्यापीठाच्या अधिसभेने आपल्या अधिष्ठात्यांच्या दफ्तरांची सूची चालू वर्षातच मागावी व ती छापून प्रसिद्ध करावी. कोणती संचिका किती वर्षे ठेवावयाची आणि केव्हा खुली करावयाची, याचा तक्ता तिच्याबरोबर जोडलेला असावा. विद्यार्थ्यांच्या व तक्रारदारांच्या खाजगी माहितीला त्यात वेगळे संरक्षण असावे. यापुढे पद सोडणाऱ्या अधिष्ठात्याने, टपाल आणि संगणकावरील नोंदींसह, सारे दफ्तर सहीशिक्क्यानिशी अभिलेखपालाच्या स्वाधीन केल्यावाचून त्यास कार्यमुक्तीचा दाखला देण्यात येऊ नये. अभिलेखपालाचे पदच नसेल, तर अर्थसंकल्पात आधी ते निर्माण करावे.